चार वाजताचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझे यजमान बिलोलीच्या तहसिलीत कारकून होते. नव्या कचेरीला माणसं हवी होती. यांनी बदली मागून घेतली आणि आम्ही दोन ट्रंका नि एक पाळणा घेऊन एसटीनं लातूरला आलो. कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या; पहिले पंधरा दिवस हे खिडकीच्या कट्ट्यावर बसून कागद लिहायचे. मी नर्सिंग शिकलेली. बाजाराच्या मागं एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता, तिथं मला काम मिळालं. दोन वॉर्ड, पंचवीसेक खाटा, आणि सगळ्यांवर एक मोठ्या सिस्टर, ज्यांच्या चपलांचा आवाज आला की आम्ही उगीचच चादरी सरळ करायचो. डाळीच्या गिरण्यांची पिवळी धूळ खिडक्यांच्या गजांवर बसायची. सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा तेवढीच.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. दवाखान्यात एक दिवसाआड टँकर यायचा आणि मागच्या अंगणातला सिमेंटचा हौद अर्धा भरून जायचा. मोठ्या सिस्टरनी हौदाच्या तोटीला कुलूप लावलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला.

त्या चैत्रात देवणीकडच्या एका खेड्यातून एका म्हातारीला आणलं. सत्तरीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरातून एकटीच निघून गेली होती. उदगीरच्या रस्त्याला एका कोरड्या ओढ्यात भर उन्हात बसलेली सापडली. तळपाय भाजलेले, डाव्या नडगीला मोठी जखम, जीभ कोरडीठाक. सोबत मुलगा आणि सून. मुलगा कागदावर अंगठा देऊन लगेच परतला. त्याला जनावरं छावणीला न्यायची होती. सून थांबली. चाळिशीची, सावळी, कमी बोलणारी. पिशवीत भाकरी, चटणी आणि एक जास्तीचं लुगडं.

सलाईन लावलं, जखम धुतली, दोन दिवसांत म्हातारी उठून बसली. आणि मग आम्हाला कळलं की तिला नुसतं ऊन लागलेलं नाही. ती सुनेला ओळखत नव्हती. कधी तिला आपली बहीण समजायची, कधी शेजारीण. जेवण झाल्यावर पाच मिनिटांत म्हणायची, "सकाळपून कुनी भाकर इचारली न्हाई." वॉर्डातल्या बायका हसायच्या. सून हसायची नाही. पुन्हा चतकोर भाकरी कुस्करून पुढं ठेवायची.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"तीन सालं झाली. आधी मीठ इसरायची, मंग वाट इसरायली." ती हळू बोलायची, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून. सासूला ती आत्या म्हणायची. "लोकं म्हनले बाहेरचं हाय. तीन जागी नेऊन आनलं. एकानं मिरच्याची धुरी देली. डोळे सुजले आत्याचे. मंग म्या म्हनलं, बास. आता कुठं न्यायचं न्हाई."

शिक्षणात आम्हाला असल्या आजाराबद्दल अर्ध्या तासाचं एक व्याख्यान झालं होतं. त्यातला 'म्हातारचळ' एवढा एकच शब्द मला आठवत होता, आणि तोही हसून सांगितलेला.

दुपारचे चार वाजले की म्हातारी खाटेवरून उतरायची. घड्याळ तिला दिसत नव्हतं, समजतही नव्हतं. पण चार म्हणजे चार. पदर खोचायची, आसपास काहीतरी शोधायची आणि दाराकडं चालायला लागायची. अडवलं की आधी विनवण्या, मग शिव्या, मग हाताला येईल ते. एकदा तिनं सलाईनचा स्टँड पाडला. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेली आणि एका रिक्षाखाली येता येता वाचली. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "बांधून ठेव तिला. तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

बांधणं ही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. तापात बडबडणाऱ्याला, दारू उतरत असलेल्याला आम्ही बांधायचोच. त्या दुपारी सून कपडे वाळत घालायला मागं गेली होती. मी रुंद बँडेजच्या पट्ट्या घेतल्या, मनगटाला कापूस गुंडाळला आणि तिचे दोन्ही हात खाटेच्या नळीला बांधले. मऊ बांधलं, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. म्हातारी ओरडली नाही. तिनं दोन-तीनदा हात ओढून पाहिले आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी बांधून झाल्यावर पुढं काय करते त्याची वाट बघतेय.

सून आत आली. तिनं पाहिलं. खाटेच्या कडेला बसली आणि गाठी सोडायला लागली. एक गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दातानं सोडवली. मग पट्ट्यांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"बाई," ती म्हणाली, "आमची गाय बी आमी दिवसातून एकदा मोकळी सोडताव."

आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मी नियम सांगितले असते, भांडले असते. मी तिच्याजवळ स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो खरं तर भरतीच्या दिवशीच विचारायला हवा होता.

"चार वाजता ती कुठं जाते?"

"पान्याला," सून म्हणाली. "दुसरं कुठं? लगीन होऊन आली तवापून चारला मळ्यातल्या हिरीवर जायची. उशीर झाला की हीर गढूळ व्हायची. चाळीस सालं रोज. म्या आले तवा म्हनली, तू सैपाक बग, पानी माझं. ती पळून चालली न्हाई बाई. कामाला चालली."

दुसऱ्या दिवशी मी घरून एक लहान पितळी कळशी आणली, माझ्या आईनं दिलेली. पावणेचारला मोठ्या सिस्टरकडं किल्ली मागितली.

"कशाला?"

"सात नंबरच्या आजींना पाणी भरायला."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "गावात प्यायला पाणी नाही आणि तू म्हातारीला खेळायला देतेस?"

"सांडणार नाही. परत हौदात ओतीन," मी म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली.

चारला म्हातारी उठली, पदर खोचला, आणि मी तिच्या हातात कळशी दिली. तिनं ती फिरवून पाहिली, बुडावर बोट वाजवलं, कुठं गळते का ते बघितलं. मग आम्ही तिघी निघालो. वॉर्डाच्या मागच्या दारातून अंगण, कडुलिंब, हौद. म्हातारी पुढं. घाईत असलेल्या बाईसारखी चालली. तोटीखाली कळशी लावली, भरून कमरेवर घेतली, परत वॉर्डात आणून खाटेखालच्या बादलीत ओतली. "झालं बाई," म्हणाली, आणि पाय लांब करून झोपली. सहा वाजेपर्यंत गाढ.

बादलीतलं पाणी मी हौदात नेऊन ओतलं. आठवडाभर तेच पाणी रोज चारला आत आलं आणि साडेचारला बाहेर गेलं. आमचा एक वॉर्डबॉय म्हणायचा, "सिस्टर, या पान्याला आता वॉर्डाचा रस्ता पाठ झाला असंल." पण त्या आठवड्यात स्टँड पडला नाही, कुणी फाटकाकडं धावलं नाही.

बाकीच्या दिवसाचाही इलाज सुनेनंच काढला. तिनं एका डाळगिरणीच्या दारातून शेरभर तूर आणि एक जुनं सूप मिळवून आणलं. म्हातारी व्हरांड्यात बसून पाखडायची, खडे वेचून बाजूला ठेवायची. रात्री सून खडे पुन्हा तुरीत मिसळून ठेवायची. सुपाचा तो लयीतला आवाज वॉर्डात यायला लागला. मोठ्या सिस्टर कडाडल्या, "हा दवाखाना आहे की गिरणी?" पण त्यांच्याच पेशंट बायका म्हणाल्या, राहू द्या बाई, आवाज घरच्यासारखा वाटतो.

एक गोष्ट मात्र सोपी नव्हती, आणि ती मी टाळून लिहिणार नाही.

रोज जखमेची पट्टी बदलताना म्हातारी मला विचारायची, "कुनाची गं तू?"

"बिलोलीची."

"बिलोलीच्या कुनाची?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "आम्ही बौद्ध, माय. माझ्या आईबापानं धर्म घेतला तेव्हा मी रांगत होते." तिला क्षणभर उमगलं नाही, मग उमगलं. तिनं पाय माझ्या मांडीवरून ओढून घेतला. मी दिलेला पाण्याचा पेला बाजूला सारला. सुनेचा चेहरा काळवंडला. "आत्या, सिस्टर हायती त्या," ती पुटपुटली. मी खाटेवर वाकून पट्टी पुरी केली. हे मला नवं नव्हतं. बिलोलीत विहिरीपासून लांब उभी राहिलेली माझी आई मी पाहिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी म्हातारी सगळं विसरली होती. "कुनाची गं तू?"

घरी मी यांना विचारलं, काय सांगू? हे म्हणाले, "तिला उद्या आठवणारच नाही. काहीतरी सांग. तिची जखम भरली म्हणजे झालं." त्यात शहाणपण होतं. एक दिवस मी नुसतं "तुझीच, माय" म्हटलं, आणि ती खूश झाली. पण त्या दिवशी घरी जाताना मला ते 'तुझीच' टोचत राहिलं. मग मी ठरवलं, विचारलं तर खरं सांगायचं. ती रोज नव्यानं ऐकायची. काही दिवस पाय ओढून घ्यायची. काही दिवस "असंल बाई" म्हणून पाय तसाच ठेवायची. एकदा म्हणाली, "मंग तुमच्या हिरीला पानी हाय का?" मी म्हटलं, नाही. "आमच्या बी न्हाई," ती म्हणाली आणि बराच वेळ माझा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय ओढला. आजारानं तिचं मन मोठं केलं असं मला म्हणता येणार नाही. जे होतं ते आलटून पालटून वर यायचं, एवढंच.

सुनेचं मात्र वेगळं झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा ती आपली भाकरी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि न विचारता माझ्या डब्यातलं वरण आपल्या भाकरीवर घेतलं.

नांदेडहून एक डॉक्टर दर गुरुवारी यायचे. मनोविकाराचे. अख्ख्या नव्या जिल्ह्यात तेव्हा त्या विषयाचं आमच्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. एसटीतून उतरून थेट वॉर्डात, हातात चामड्याची बॅग, सदऱ्यावर धूळ. त्यांनी म्हातारीला तपासलं. तिला वार विचारला, पाच वस्तू दाखवून लपवल्या, तिच्या मुलांची नावं विचारली. मग सुनेला समोर बसवलं.

"हा मेंदूचा आजार आहे. डिमेन्शिया म्हणतात. बाहेरचं काही नाही. तुमचंही काही चुकलं नाही."

"गोळी?" सुनेनं विचारलं.

"विसर भरून काढणारी गोळी नाही. हळूहळू वाढत जाणार."

सुनेनं मान हलवली. मग म्हणाली, "तीन सालात पैल्यांदा कुनी खरं सांगलं." आणि रडली. डॉक्टर थांबून राहिले. त्यांची घाई असायची, पण त्या दिवशी ते थांबले.

मग त्यांचं लक्ष सुपाकडं गेलं, कळशीकडं गेलं. मी सगळं सांगितलं, बांधल्याचंसुद्धा. त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. किती वाजता, किती वेळ, त्यानंतर झोप किती. शेवटी म्हणाले, "सिस्टर, हे लिहून ठेवा. मी सांगतो त्यातलं निम्मं पुस्तकातलं असतं. हे पुस्तकात नाही."

मी शाळेची एक वही घेतली आणि लिहायला लागले. म्हातारीला कुठल्या बाजूनं हाक मारली की ती दचकत नाही. अंघोळीला आधी पायावर पाणी. 'नाही' म्हणायचं नाही, 'आधी हे करू' म्हणायचं. कोपऱ्यातल्या आरशावर फडकं टाकायचं, कारण त्यात तिला एक परकी म्हातारी दिसते. यातलं माझं फार थोडं होतं. सून सांगायची, मी लिहायचे.

तीन आठवड्यांनी जखम भरली. जाताना म्हातारी माझी कळशी सोडेना. मी ती तिलाच दिली.

त्यानंतर डॉक्टरांकडं असेच आणखी पेशंट यायला लागले. नव्यानं झाले असं नाही, आधीही असणारच. आता घरचे बोलायला लागले. एक निवृत्त मास्तर होते, ते रोज सकाळी शाळेत जायचे आणि तिथल्या मास्तरांना वर्गातून बाहेर काढायचे. डॉक्टर मोठ्या सिस्टरना म्हणाले, घरच्यांना बसायला मला गुरुवारी एक खोली द्या. मोडक्या खाटा ठेवायची मागची खोली रिकामी केली. मोठ्या सिस्टरनीच उभं राहून ती धुवून घेतली, त्या टंचाईत दोन बादल्या पाणी देऊन. सतरंजी टाकली. पेशंट डॉक्टरांसमोर असायचे तेवढ्यात घरच्यांना मी या खोलीत बसवायचे आणि वही वाचून दाखवायचे.

पण वही कुणाला पटेना. एक मुलगा म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आठ तासांनी घरी जाता." खरंच होतं ते. मी देवणीकडं सुनेच्या गावी पत्र टाकलं; तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलानं ते तिला वाचून दाखवलं. पुढच्या गुरुवारी सून एसटीनं आली. म्हातारीला शेजारणीच्या हवाली करून आली होती.

"मला लिहाय-वाचाय येत न्हाई," ती दारातच म्हणाली. "म्या या शिकलेल्या लोकायला काय सांगू?"

"आज सकाळी काय झालं ते सांगा."

ती सतरंजीवर बसली. पदर नीट केला. "आज सकाळी आत्यानं मला घराबाहीर काढलं," ती म्हणाली. "म्हनली, चोरटी हायस. म्या बाहीर गेले, मागच्या दारानं आत आले, म्हनलं, राम राम, पाव्हनी आलेय. तर मला च्या करून देली. साखर न्हवती, मीठ टाकलेलं. म्या पेले."

मग मास्तरांची बायको हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आमचे हे मला रोज शाळेची फी मागतात," ती म्हणाली. त्या दिवशी कुणी दीड तास उठलं नाही. एकमेकांना सांगत राहिले: कुणाच्या घरी कडी वर लावली, कुणी चुलीपाशी काय केलं, कुणाच्या भावानं मारलं. मी वहीत लिहायचंही विसरले.

सून महिन्यातून एकदा यायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पेरणीच्या दिवसांत खाडा पडायचा, पण यायची. तिच्या जाण्यायेण्याचं तिकीट डॉक्टर द्यायला लागले तेव्हा तिनं नको म्हटलं आणि त्याऐवजी एक मागणं घातलं: दवाखान्यातल्या कुणीतरी वर्षातून एकदा तरी गावाकडं येऊन अशा घरांत डोकावावं, कारण सगळ्यांना लातूरला येणं जमत नाही. तसं आम्ही सुरू केलं. डॉक्टर, मी आणि एक वॉर्डबॉय, दवाखान्याच्या जीपमधून. पहिली फेरी तिच्याच गावाला.

म्हातारी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. बोलणं थांबलं होतं. अंग मात्र स्वच्छ, पाठीला एक जखम नाही. चांगल्या दवाखान्यातही मी इतकी निगा क्वचितच पाहिली होती. सून तिला चमच्यानं पेज भरवत होती, एकेका घोटानंतर गळ्यावरून हलका हात फिरवून. मी बाजूला बसले, नाडी धरली. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. काही विचारलं नाही. दीड महिन्यानं ती गेली. सुनेचा मुलगा गुरुवारच्या ओळखीवर मास्तरांच्या घरी निरोप घेऊन आला, तिथून मला कळलं.

मला वाटलं, आता सून यायची नाही. पुढच्या गुरुवारी ती आली.

"घरी करमना," ती म्हणाली. सतरंजी झटकून तिनं स्वतःच टाकली.

काही वर्षांनी दवाखान्याची नवी इमारत झाली आणि आमच्या गुरुवारला तळमजल्यावर पक्की खोली मिळाली, दोन खिडक्या, धरून चालायला भिंतीला लाकडी दांडा. पेंटर दारावर पाटी रंगवत होता तेव्हा सून तिथं उभी होती.

"काय लिव्हलंय?" तिनं मला विचारलं.

"स्मृतिभ्रंश कक्ष."

"म्हंजी?"

मी अर्थ सांगितला.

"मंग तसं लिव्हा की. खेड्यातल्या मानसाला कसं कळंल आपलं दार हेच हाय म्हनून?"

मी मोठ्या सिस्टरकडं पाहिलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या, हातात काठी होती. त्यांनी पेंटरला खूण केली. त्यानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि खाली दुसरी ओळ काढली: विसर पडणाऱ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.